दीड हात

मी आरसे विकतो.
साओ पावलोत, चिएते नदीच्या काठाला,
पुलाच्या पोटाखाली पत्र्याची टपरी आहे.
पाटी मीच रंगवली :
जुरांदिर. डावे, उजवे. जुने, नवे. लगेच.

पहिल्या पट्ट्यातल्या गाडीचा उजवा आरसा,
दुसऱ्या पट्ट्यातल्या गाडीचा डावा,
त्या दोघांमधे जी फट उरते
तिच्यावर माझी चूल पेटते.

माप घेतलंय मी. गर्दीच्या वेळी दीड हात.
शेजारी बस असेल तर वीतभर कमी.
ट्रक असेल तर देवाचं नाव.

सकाळी साडेसातपासून त्या दीड हातातून
मोटरसायकली जातात, एकीला लागून एक,
हॉर्नवरचा अंगठा न उचलता.
लोक म्हणतात, सुईत दोरा ओवावा तशा.
दोऱ्याला गुडघा नसतो.

माझी भाची रोझिक्लेर त्यांच्यातलीच.
पाठीवरच्या पेटीत कवळ्या नेते,
कारखान्यातून दातांच्या दवाखान्यांत.
कुणाचं तरी हसू, कापसात गुंडाळलेलं,
साडेनऊच्या आत.

तिच्या आईने एकदा शपथ घातली,
तेव्हा तीन आठवडे ती पट्ट्यातून चालली.
गाड्यांच्या मागे गाडीसारखी,
धूर खात, शहाण्यासारखी.
चौथ्या सोमवारी सिग्नलला उभी होती, नियमात,
आणि मागून साबणाची व्हॅन आली.
घोटा, दोन बरगड्या, एकोणीस कवळ्या.
रस्ताभर दात पडले होते म्हणे,
आणि कुणी हसत नव्हतं.

म्हणजे फट बरी?
थांबा.
वेवेर्तन फटीतच गेला.
एका टॅक्सीचं दार उघडलं, एवढंच.
आतल्या माणसाला उशीर होत होता.
बावीस वर्षांचं पोर, माझ्या वहीत
त्याच्या नावावर एक डावा आरसा उधार आहे.
पान फाडलं नाही मी. खोडलंही नाही.

यंदा शहरसभेत पुन्हा तोच प्रश्न निघाला :
मधून जाऊ द्यायचं की नाही.
मलाही बोलावलं साक्षीला.
तीन मिनिटं मिळतील, म्हणाले.
इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवीत दोन आरसे घेतले,
आणि काही न बोलता
त्यांच्या लांब टेबलावर ठेवले,
मधे दीड हात सोडून.

समितीतले एक गृहस्थ वाकून बघू लागले.
त्यांचं पोट त्या मापात बसलं नसतं.
दोन्ही आरशांत त्यांना आपलाच कान दिसला असावा,
कारण ते कान खाजवू लागले.

वकीलबाई म्हणाल्या,
आपण बाजूने की विरोधात? एका शब्दात सांगा.
मी म्हटलं, मधून.
मागच्या बाकावर कुणी तरी फिस्सकन हसलं.
कारकुनाने काही तरी लिहिलं.
काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही.

मला तरी काय कळतंय?
मनाई झाली तर टपरी बसेल,
मोकळीक दिली तर आरसे दुप्पट फुटतील
आणि त्या पैशांनी मी रात्री
रोझिक्लेरची वाट बघत कॉफी पिईन.
जात्यातले आणि सुपातले, दोघांनाही
मीच दाणे मोजून देतो असं वाटतं कधी कधी.

काल एक बाई आल्या, संतापलेल्या.
उजवा आरसा लोंबत होता, वायरीला धरून.
ह्या लोकांना तुरुंगात घाला, म्हणाल्या.
मी मान हलवली. गिऱ्हाईक आहे.
नवा बसवला, पुसला.
मागच्या सीटवरचं बाळ दिसेल असा लावा, म्हणाल्या.

सगळे असंच सांगतात.
कुणाला बाळ, कुणाला आपलाच गाल.
बाळासाठी मी आतला आरसा खाली केला.
मग त्या पर्समधे सुटे पैसे शोधत असताना
उजवा दोन बोटं बाहेर फिरवला,
फटीकडे.
ह्याचे पैसे मी लावत नाही.
पाटीवरही लिहिलेलं नाही.